दोघांचं गाणं, फॉर्मवर एकच नाव

स्टुडिओ म्हणतो आपण, पण खरं सांगायचं तर नाशिकच्या जुन्या सिडकोत पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली आहे, भिंतींना फोम, खिडकीला जुनी गादी ठोकलेली, आणि रात्री साडेआठला खालचा पट्टा थांबला की आमचं रेकॉर्डिंग सुरू. त्याआधी आवाज घेता येत नाही, दळण चालू असलं की मोटरची गुणगुण थेट माइकात उतरते. ती गुणगुण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हे लिहून ठेवतोय कारण मागच्या दोन वर्षांत वेगवेगळ्या तीन जोड्यांनी मला हेच विचारलंय, की गाणं दोघांनी केलं तर संगीतकार म्हणून नाव कुणाचं घालायचं, आणि दर वेळी मी चहा पाजून तेच पुराण लावतो. ज्यांचं प्रकरण आहे त्या दोघांना वाचायला दिलंय, दोघं हो म्हणाले. नावं घालत नाही, दोघंही शहरातच असतात आणि दोघांची लग्नं व्हायचीत. एक गाणारा, एक वाजवणारा, एवढं बास.

गाणारा पंचवटीतला. वडील भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे हा लहानपणापासून पेटीच्या भात्याशेजारी बसून चाली ऐकत मोठा झाला. आवाज गोड, चाल पटकन सुचते, शब्दही स्वतःच लिहितो, पण स्टेजवर चढवायचा म्हणजे ढकलावा लागतो. वाजवणारा सिडकोचा, वडील अंबड एमआयडीसीत. गिटार कॉलेजच्या सीनियरकडून शिकला, प्रोग्रॅमिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर बाकीची वाद्यं बसवणं, ते व्हिडिओ बघून. अकरावीत कॉलेज रोडच्या कॉलेजात गॅदरिंगला नाव कोणी दिलं तर याने, गाणाऱ्याला न विचारता. गाणारा आठवडाभर बोलला नव्हता म्हणे त्याच्याशी. मग गायला, पोरं उभी राहिली, जोडी जमली.

पुढची चार वर्षं नेहमीचीच. गंगापूर रोडच्या कॅफेत शनिवारी दोन तास, हळदीचे कार्यक्रम, गणपतीत मंडळांच्या सुपाऱ्या, एकदा कालिदास नाट्यगृहात दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमात मधली पंधरा मिनिटं. पाच हजाराची सुपारी असली की पेट्रोल आणि साऊंडवाल्याची चहा-पाणी काढून अर्धे अर्धे. फोन वाजवणारा घ्यायचा, भाव तोच करायचा, लोकांशी स्टेजवरून बोलायचा तोच. गाणारा डोळे मिटून गायचा. आमच्यातले लोक मागून म्हणायचे की गाणाऱ्याच्या जिवावर दुसरा चाललाय. मीही एकदोनदा म्हणलो असेन, खोटं कशाला बोलू.

मग ते गाणं झालं. गोदेला पूर आला की आपण सगळे पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं ते विचारतो, गुडघा, कंबर, गळा. गाणाऱ्याने तेच माप प्रेमाला लावलं. कल्पना एक नंबर, नाशिकच्या माणसाला पहिल्याच ओळीत कळते. आणि गाण्याच्या सुरुवातीला गिटारचा चार मात्रांचा एक पीस आहे जो मुखड्यानंतरही येतो, शेवटीही येतो. लोक गाणं गुणगुणतात म्हणजे निम्मे लोक तो पीसच गुणगुणतात. माझ्या खोलीत रात्री रात्री बसून अडीच महिन्यांत झालं, खोलीचं भाडं दोघांनी अर्धं अर्धं दिलं.

ऑनलाइन टाकायचा फॉर्म गाणाऱ्याने भरला, रात्री दोन वाजता, घरून. गायक, गीतकार, संगीतकार, तिन्ही रकान्यांत स्वतःचं नाव. वाजवणाऱ्याचं नाव गिटार आणि प्रोग्रॅमिंगमध्ये. तेव्हा कुणी बघितलंच नाही, ऐकणारे दोन-तीनशे, त्यातले निम्मे नातेवाईक.

वर्षभराने गाणं लग्नाच्या रील्समध्ये शिरलं. कसं, ते मला विचारू नका. कुणीतरी मेंदीच्या व्हिडिओला लावलं आणि महिन्याभरात सातपूरपासून संगमनेरपर्यंत तेच. मग मुंबईच्या एका कंपनीचा मेल आला, गाणं आम्हाला द्या, सोबत अकरा पानांचा करारनामा, आणि त्यात दुसऱ्या पानावर फॉर्मवरूनच उचललेलं, संगीतकार म्हणून एकच नाव.

वाजवणाऱ्याने ते वाचलं मखमलाबाद रोडला मिसळ खाताना, समोर गाणारा बसलेला. दोघांनीही मला नंतर वेगवेगळं सांगितलं पण एक गोष्ट दोघांच्या सांगण्यात सारखी होती, रस्सा गार होऊन वर तर्री जमली तरी पाव कुणी मोडला नाही.

आधी गाणारा आला माझ्याकडे. त्याचं म्हणणं साधं. दादा, चाल माझी, शब्द माझे, आवाज माझा, त्याने नंतर गिटार भरली, गिटार भरणाऱ्याला कोणी संगीतकार म्हणतं का, मग उद्या ढोलकीवाला पण म्हणेल. दुसऱ्या दिवशी वाजवणारा. तो पैशाबद्दल बोललाच नाही, एवढंच म्हणाला की भो, त्याला स्टेजवर कोणी नेला ते विचार त्याला. मी म्हणलं, त्याला कायद्यात रकाना नाहीये रे. तर तो गप.

इथे मला व्हॅम आठवलं, ऐंशीच्या दशकातला इंग्लंडचा दोघांचा बँड. माझ्या चुलतभावाची कॅसेट होती, कव्हरवर दोन गोरी पोरं, एक जॉर्ज मायकल आणि दुसरा कोण ते आम्हाला वर्षानुवर्षं माहीत नव्हतं. दुसरा म्हणजे अँड्र्यू रिजली. ह्या प्रकरणात मला जॉर्जपेक्षा त्याचंच आयुष्य जास्त कामाचं वाटलं, म्हणून जरा लांबण लावतो.

१९७५ मध्ये लंडनच्या उत्तरेला बुशी गावाच्या शाळेत एक जाडजूड, चष्म्याचा, लाजरा पोरगा नवीन आला, बाप सायप्रसचा ग्रीक, हॉटेलवाला. बाईंनी विचारलं ह्याला सांभाळून कोण घेणार, तर अँड्र्यूने हात वर केला. तो नवीन पोरगा म्हणजे पुढचा जॉर्ज मायकल. कपडे कसे घालायचे, बँड काढायचाच हा हट्ट, हे सगळं अँड्र्यूचं. जॉर्ज त्याच्याकडे बघून शिकला आणि नंतर जॉर्जने ते स्वतः मोकळेपणाने सांगितलंय. १९८१ ला व्हॅम, १९८२ ला टीव्हीवर, १९८३ चा पहिला अल्बम इंग्लंडात एक नंबरला.

आणि तोवर एक गोष्ट दोघांनाही दिसली होती, की गाणी लिहिण्यात जॉर्ज फार पुढे गेलाय. पहिल्या अल्बमवर दोघांच्या नावाची गाणी आहेत. १९८४ च्या दुसऱ्या अल्बममध्ये बहुतेक सगळी जॉर्जच्या एकट्याची, एकच गाणं बाहेरचं, आणि दोघांच्या नावाचं फक्त केअरलेस व्हिस्पर. अँड्र्यूने बाजूला व्हायचं मान्य केलं. पेपरवाले त्याला पार्टीबहाद्दर म्हणून झोडपत होते, हा काय करतो स्टेजवर असं विचारत होते. आमच्यातले लोक वाजवणाऱ्याबद्दल बोलायचे तेच.

ह्या केअरलेस व्हिस्परची सॅक्सोफोनची सुरावट तुम्ही ऐकलेली आहे, नाव माहीत नसलं तरी. ती सुरावट जॉर्जला बसमध्ये सुचली, सतरा-अठरा वर्षांचा असताना. पण गाण्याखालचे कॉर्ड अँड्र्यूचे, आणि पहिला डेमो झाला तो अँड्र्यूच्या घरच्या हॉलमध्ये चार ट्रॅकच्या मशीनवर. १९८४ ला गाणं निघालं ते इंग्लंडात एकट्या जॉर्जच्या नावावर, आवाज त्याचा, कव्हरवर तो. अमेरिकेत व्हॅमच्या नावावर, जॉर्ज मायकलसह असं लिहून. लोकांच्या डोक्यात ते जॉर्जचं गाणं. पण लिहिणाऱ्यांच्या जागी दोन नावं, मायकल आणि रिजली. आजही तिथे दोनच आहेत.

आता उलटं बघा. डिसेंबरात मॉलमध्ये वाजतं ते लास्ट ख्रिसमस, व्हॅमचंच, पण लिहिणारा म्हणून फक्त जॉर्ज, कारण ते त्याने खरोखर एकट्याने केलं होतं. १९८४ ला ते दोन नंबरला अडकलं, त्या वेळची रॉयल्टी दोघांनी इथिओपियाच्या दुष्काळाला दिली, आणि एक नंबरला गेलं ते थेट जानेवारी २०२१ मध्ये, छत्तीस वर्षांनी, जॉर्जला जाऊन चार वर्षं झाल्यावर. म्हणजे गाणं कधी उठून बसेल सांगता येत नाही. फॉर्मचा रकाना भरताना दोनशे ऐकणारे असतात म्हणून तो रकाना हलका होत नाही.

२८ जून १९८६ ला वेम्बली स्टेडियममध्ये शेवटचा कार्यक्रम, ७२ हजार माणसं. दोघंही तेव्हा तेवीस वर्षांचे. भांडून नाही, ठरवून, आधी जाहीर करून. नंतर अँड्र्यू मोनॅकोला जाऊन फॉर्म्युला थ्रीच्या गाड्या चालवत होता, १९९० ला स्वतःचा अल्बम काढला, तो पडला, मग कॉर्नवॉलला समुद्राकाठी जाऊन राहिला. १९९१ ला रिओच्या स्टेजवर जॉर्जसोबत पुन्हा एकदा उभा राहिला. मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तो नंतर कधी हिशोब काढत बसलेला दिसत नाही. आता माणूस मोठ्या मनाचा होता का त्याचं नाव आधीच योग्य जागी होतं म्हणून त्याला मोठं मन परवडलं, हे तुम्ही ठरवा. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे.

परत सिडकोत.

मी वकील नाही. सीबीएसजवळ कोर्टात बसणारा एक मित्र आहे, त्याला बोलावलं, त्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा साध्या भाषेत सांगितला. गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात, शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग, तिघांची मालकी वेगळी. शब्दांवर वाद नव्हता, ते गाणाऱ्याचे. रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो, भाडं अर्धं अर्धं, म्हणजे दोघांचं. उरलं संगीत. संगीतकार म्हणजे जो संगीत रचतो तो, कागदावर नोटेशन लिहिलं नसलं तरी चालतं. आणि दोघांनी मिळून केलेलं असेल, ह्याचं कुठलं त्याचं कुठलं वेगळं काढता येत नसेल, तर ते दोघांचं संयुक्त काम. तिथे टक्के कायदा सांगत नाही, ते आपापसांत लिहून घ्यायचे असतात.

गाणाऱ्याने विचारलं, एवढं काय अडतं एका नावाने. तर वकील म्हणाला, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनी कागदावर लिहून घेऊन काढून घेऊ शकत नाही, निम्मा वाटा त्यांचाच राहतो, आणि तो चालतो लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं. संयुक्त काम असेल तर दोघांतला जो शेवटी जाईल त्याच्यानंतर साठ. म्हणजे तुमची नातवंडं. खोलीत जरा शांतता झाली. तेवीस-चोवीसची पोरं, नातवंडांपर्यंत कशाला गेली असतील.

मध्येच वाजवणारा म्हणाला की एवढ्या लग्नांत वाजतंय त्याचे किती येतील मग. तर वरातीत आणि लग्नाच्या समारंभात वाजलं तर कायद्याने ते उल्लंघनच धरत नाहीत, कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रील्सचं वेगळं, तिथलं कंपन्यांमधून येतं.

मग मी कॉम्प्युटर लावला. माझ्याकडच्या फायलींना तारखा असतात. पण त्या सगळ्या रेकॉर्डिंगच्या, आणि प्रश्न होता त्याच्या आधीचा. चाल आधी का पीस आधी? गाणारा म्हणायचा चाल आधी, आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसंच आठवत होतं. एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. ह्याची पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी हा त्याचा सा. सगळी गाणी तो काळी दोनमध्ये बांधतो, वडिलांच्या पेटीची सवय. हेच गाणं त्याहून वरच्या पांढरी पाचमध्ये का? वरच्या ओळीला त्याला ताणावं लागतं, माझ्याकडे तो भाग त्याने सतरा वेळा गायलाय, मला माहितीये.

मी विचारलं तर तो म्हणाला असंच, तिथे आलं. वाजवणारा काही बोलला नाही. फोन गाणाऱ्यानेच काढला आणि दोघांच्या व्हॉट्सॲपवर मागे मागे जात राहिला, दहा-पंधरा मिनिटं तरी, आम्ही तिघं त्याच्या अंगठ्याकडे बघत बसलो. मग एक व्हॉइस नोट लावली. दुपारची वेळ. वाजवणारा माझ्या खोलीत एकटा, केबल दुरुस्त करायला आला होता बहुतेक, आणि तो पीस वाजवतोय, तोच, जसाच्या तसा, चार मात्रांचा. त्याच्या मागे सलग एक गुणगुण. खालची गिरणी.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण पांढरी पाचच्या जवळ पडते, किंचित चढी. पोराने गिटार ट्यूनरला न लावता गिरणीला लावली होती. त्याच गुणगुणीवर पीस बसवला. त्यानंतर अकरा दिवसांनी गाणाऱ्याची नोट, दुसऱ्या फोनवर तोच पीस चालू ठेवून त्यावर तो मुखडा गुणगुणतोय, शब्द अजून नाहीत, ना ना ना. म्हणून पांढरी पाच. म्हणून सतरा टेक.

गाणाऱ्याने फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, लिही दादा, अर्धं-अर्धं.

माझं मत ऐकाल तर साठ-चाळीस बरोबर झालं असतं, कारण अंतऱ्याची चाल निखळ त्याची आहे, तिथे पीस कुठेच येत नाही. तसं बोललोही. पण दोघांनी ऐकलं नाही, आणि गाणं माझं नाही. शब्द शंभर टक्के गाणाऱ्याचे, संगीत पन्नास-पन्नास, रेकॉर्डिंग पन्नास-पन्नास, वहीच्या पानावर लिहिलं, तारीख, दोघांच्या सह्या, वकिलाची आणि माझी साक्षीदार म्हणून. ऑनलाइनचा फॉर्म त्याच रात्री दुरुस्त केला. नोंदणी सक्तीची नाही पण म्हणलं करून टाका, संगीताच्या कामाची फी पाचशे रुपये, ऑफिस दिल्लीत द्वारकेला. वाजवणारा म्हणाला बरं झालं, आपल्या नाशकातल्या द्वारकेला असतं तर सर्कलच्या ट्रॅफिकमध्येच सही राहिली असती. हसले दोघं. बऱ्याच दिवसांनी. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, तिचे दोघंही सभासद झाले, तिथेही टक्के तेच टाकले.

कंपनीकडे दोघं पंचवटी एक्सप्रेसने गेले. करारात कायमस्वरूपी लिहिलेलं होतं ते घासाघीस करून दहा वर्षांवर आणलं. कराराची मुदत लिहिलीच नसती तर कायदा पाच वर्षं धरतो, हे वकिलाने आधीच पढवून पाठवलेलं, ते वाजवणाऱ्याने तिथे बरोबर टाकलं. बोलायचं काम नेहमीसारखं त्याचंच.

इथे जोडी टिकली असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही टिकली. परतीच्या गाडीत कसाऱ्याच्या अलीकडे वाजवणाऱ्याने सांगितलं की त्याला आता स्टेजवर मजा येत नाही, कागदामुळे नव्हे, आधीपासूनच. त्याला साऊंडचा धंदा करायचाय, भाड्याने सिस्टम द्यायची. व्हॅमची गोष्ट मी दोघांना इतकी ऐकवली होती की त्यांनी लगेच शेवटची तारीख धरली, तुळशीच्या लग्नानंतर घेतलेल्या सुपाऱ्या संपवायच्या, नवीन घ्यायची नाही. आणि जोडीचं नाव पुढे कुणीच वापरायचं नाही. ह्यावर माझा आणि वकिलाचा वाद झाला, तो म्हणाला नाव गाणाऱ्याला द्या, चालतंय ते. शंकर-जयकिशनमधले जयकिशन १९७१ ला गेले तरी शंकर पुढे १९८७ पर्यंत जोडीच्याच नावाने संगीत देत राहिले, हे त्याचं उदाहरण. मी म्हणलं तिथे एक माणूस वारला होता, इथे दुसरा सिडकोत स्पीकर उचलत फिरणार आहे. लोक त्यालाच फोन करतील तारखेसाठी.

चूक माझीही आहे, ती लिहून टाकतो. गाणं करताना अडीच महिने दोघं रोज माझ्यासमोर होते आणि हे एक पान मी तेव्हा लिहून घेतलं नाही. फायलीला नाव पण मी गाणाऱ्याचंच दिलं होतं, गाणाऱ्याचं नाव, फायनल, तीन. सवय. आता मिक्सरशेजारी गिरणीवाल्यासारखीच वही सुतळीने बांधून ठेवलीये, चालीला बसले की आधी वही. नवीन पोरं हसतात, हसू द्या.

गाणारा आता ट्रॅकवर एकटा गातो, बोलायलाही लागलाय लोकांशी, जरा जास्तच बोलतो. तो पीस ट्रॅकमध्ये आहेच.

मागच्या महिन्यात वाजवणारा दळण घेऊन आला होता, ज्वारी दहा किलो, डबा खाली ठेवून वर आला. आयपीआरएसचे पहिले पैसे आले म्हणाला, फोन दाखवला, अकराशे शेहेचाळीस रुपये. मी म्हणलं एवढ्यासाठी आपण रात्र रात्र बसलो होतो? तर तो खिडकीच्या गादीला टेकून खालच्या मोटरचा आवाज ऐकत म्हणाला, भो, दोन-तीन महिन्यांचं दळण तरी सुटलं.